कुलपांचा फोटोग्राफर

फोटो कसा काढू नये, हे शिकायचं तर आमच्या दिगंबर मास्तराला बघायला हवं होतं. गाव लिंबागणेशच्या अलीकडचं. तिथल्या शाळेत जन्मभर चित्रकला शिकवून हा निवृत्त झाला, तरी त्याच्या हाताखालच्या एकाही पोराला धड आंबा काढता येत नाही. एका दाराचा फोटो घ्यायला त्याला इतका वेळ लागे, की डोळा लावताना कोंबडी अंड्यांवर बसलेली असायची आणि मान वर काढेपर्यंत पिलं अंगणात दाणे टिपायला लागलेली. मी पिठाच्या गिरणीवाला, त्याचा लहानपणापासूनचा सोबती. खोटं कशाला बोलू?

पोळ्याच्या आठवड्यात त्याची बायको गेली. त्याचं जेवण तुटलं, बोलणं तुटलं. मन रमावं म्हणून पुण्याच्या लेकीनं कॅमेरा धाडला आणि गावाचे भोग सुरू झाले. दिवाळी सरली, अर्धं गाव ऊसतोडीला गेलं, दारोदार कुलपं लागली. मास्तराला तेच पाहिजे होतं. कुलूप, कडी, उंबरा, पुढ्यातली तुळस; सगळं काळंपांढरं.

मी विचारलं, काळंपांढरं कामून? तर म्हणाला, "रंगात दुःख लपतं गड्या." असलं काही तो डोळे मिटून बोलायचा, त्यामुळे समोरचा कधी उठून गेला ते त्याला कळायचंच नाही. बरं, या दुःखाच्या व्यापाऱ्यानं स्वतःच्या घराकडे कॅमेरा एकदाही वळवला नाही. परसात बायकोची तुळस होती, तिकडचं दारच तो उघडत नव्हता.

फोटो जात गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. उसाच्या फडात राबणाऱ्या माणसांना रोज स्वतःच्याच घराचं कुलूप. एकानं घाबरून विचारलं, चोरीबिरी झाली का काय.

महिन्याभरानं मास्तर माझ्या गिरणीत बसला असताना फडातून गयाबाईचा निरोप आला, तिच्याच आवाजात. "मास्तर, ह्या काळ्या फोटूत माझी तुळस हिरवी हाय का वाळली, कळंना. जरा रंगात धाडा."

आम्ही दोघं तिच्या दारी गेलो. तुळस कसली, काडी. हात लावताच मोडली. महिनाभर हा कलावंत तिच्यापुढे गुडघे टेकत होता आणि तांब्याभर पाणी घालायचं याला सुचलं नाही. मी तोंडावरच तसं सुनावलं. गिरणीत जायची माझी वाटही त्याच दारावरून आहे, एवढं मात्र बोललो नाही.

"मला ती वाळलेलीच चांगली दिसायची गड्या," मास्तर म्हणाला.

मग तो घरी गेला आणि परसाचं दार उघडलं. मोरीच्या पाण्यावर बायकोची तुळस कमरेला लागली होती आणि खाली इतकी रोपं, की बीडला पुरून परळीला उरली असती. मग एक रोप काढून गयाबाईच्या दारी लावलं. लावलं तेही वाकडं. बाकीच्या दारांपुढच्या तुळशींना बादलीनं पाणी घातलं. कलेचा निकाल लागला.

रंगीत फोटो काढला, त्यात रोप कोपऱ्यात, बादली मधोमध आणि अर्ध्या भागात खुद्द मास्तराची सावली. खाली लिहिलं, तुमची तुळस माझ्यामुळं गेली, ही आमच्या घरातली. पाठवला आणि फोन मांडीवर ठेवून बसला. मी भाकरी पुढे केली, शिवला नाही.

दिवस मावळता फोनवर गयाबाई बोलली. "फोटू लई बेकार हाय, मास्तर. रोज धाडा."