उत्तरेकडचा उतार

सुधाकरकाकांचं ऋण माझ्यावर सगळ्यांत जास्त, आणि खोटं मी त्यांच्याशीच बोललो. हे आजवर कुणापाशी उच्चारलेलं नाही. तुम्हाला सांगतोय.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. अमेरिकेत नोकरी गेली तेव्हा, दुसरी लागून मी वेगळं घर घेईपर्यंत, काकांनी मला ईडन प्रेरी गावातल्या आपल्या घरी ठेवून घेतलं. शिकारही त्यांनीच शिकवली. "हरणाला रेझ्युमे दाखवू नकोस, वारा बघ!" म्हणायचे.

कोलोरॅडोच्या डोंगरातल्या सरकारी जंगलाचा बेत आम्ही हिवाळाभर आखला — एल्क, म्हणजे सांबरासारखं थोराड हरीण, आणि जमलं तर म्यूल डिअर, ते लांब कानांचं हरीण. काकांनी नकाशावर पेन्सिलने खुणा केल्या. पाणी इथे. हा उत्तरेकडचा उतार, दुपारी एल्क इथल्या सावलीत बसतात. परवाने सोडतीने मिळतात; नंबर हुकला की पुढच्या सोडतीसाठी एक पॉइंट जमा होतो. काकांचे कित्येक वर्षांचे पॉइंट्स साठलेले, पण एकत्र अर्ज केला की माझ्याइतकेच धरणार — म्हणजे शून्य. "जाऊ दे रे. एकट्याने ट्रिप करून बोलू कुणाशी? तू कॉम्प्युटरवाला, अर्ज तू भर."

मी भरला — फक्त माझा.

का? त्यांचा गुडघा दुखायचा. काळजी वाटते, असं मी स्वतःला सांगितलं. पण काळजी असती तर तोंडावर बोललो नसतो? काका आले की तंबू रस्त्यालगत लागणार, आणि मला तर तो वरचा उतार हवा होता.

"आपला नंबर नाही लागला, काका."

"अरे, पुढच्या वर्षी!" — उलट तेच मला समजावत होते.

ऑफिसच्या कामाचं सांगून मी एका सहकाऱ्याबरोबर गेलो. खिशात काकांचा नकाशा. एल्क तिथेच होता — सावलीत.

नंतर एकदा काका जेवायला आले. "बर्फ आणतो गॅरेजच्या फ्रीझरमधून," म्हणत उठले, आणि मी धडपडत त्यांच्याआधी दाराशी पोचलो. फ्रीझर एल्कच्या मांसाने भरलेला होता. त्यांना मी चिकन वाढलं.

शिकारीनंतरच्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. आता वॉकर धरून चालतात. तरी फोनवर विचारतात, "यंदा सोडत कधी रे?"

समोर बसून सांगायला जीभ वळत नाही. काल पत्र टाकलं —

"काका, आपला नंबर हुकला नव्हता. तुमचं नाव मी घातलंच नाही. मी गेलो, आणि तुम्ही खूण केली होती तिथेच एल्क मारला. तुमच्या गुडघ्यासाठी नव्हे, तुमच्यामुळे मला थांबावं लागलं असतं म्हणून तुम्हाला वगळलं. नकाशा सोबत पाठवतोय. तो तुमचा आहे."