उकळलेला मध

पट्टीकाका प्रयोगशाळेत पहिल्यांदा आले तेव्हा तिथं जंतूंचा अभ्यास करणाऱ्या बाईंना वाटलं, भूकंपच झाला. आधी लसणाचा भपकारा आला. त्याने खिडकीतली कबुतरं उडाली. मग दारात एक भलंमोठं पातेलं दिसलं आणि पातेल्याला फुटल्यासारखे खाली दोन पाय.

“बाई, यानं जंतू मरतात का बघा!” पातेल्यामागून आवाज आला.

“जंतूंचं नंतर बघू. आधी मी मरतेय,” बाई नाक दाबून म्हणाल्या.

काका शेजारच्या दवाखान्यात ड्रेसर. सव्वीस वर्षांत अर्ध्या गावाच्या जखमा त्यांनी बांधल्या होत्या. माणूस त्यांना चेहऱ्यावरून नव्हे, गुडघ्यावरून आठवे. पण सध्या पेच घरातच होता. काकूंची टाच चिघळली होती. कितीही भिजवली तरी पट्टी चिकटायची, आणि ती काढताना काकू रोज काकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. “गावाला फुंकर घालता नि मला सोलता!” हे काकांना फार लागलं. न चिकटणारी, जंतू मारणारी पट्टी आपणच करायची, असा त्यांनी ध्यास घेतला.

पातेल्यातल्या मिश्रणातून बाईंनी लसूण तेवढा हद्दपार केला. मध आणि कोरफड राहिली. जंतू पसरलेल्या काचेच्या बशीत या मिश्रणात भिजवलेल्या पट्टीचा तुकडा ठेवायचा. जंतू मेले तर त्याच्याभोवती स्वच्छ कडं उमटतं. पाच बश्या झाल्या. पाचही बश्यांत जंतू लग्नाच्या पंगतीला बसल्यासारखे मजेत.

“काका, मधाचं नेमकं करता काय?”

“एकदम स्वच्छ काम! वीस मिनिटं खळखळ उकळतो.”

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. कात्री उकळायची, चिमटा उकळायचा. जन्माची सवय ती! “अहो, जंतू मारायची त्याची ताकदच उकळून घालवलीत की!”

सहाव्या बशीत न उकळलेला मध गेला. दुसऱ्या दिवशी झाकण उचललं, तर तुकड्याभोवती लख्ख कडं! बाई किंचाळल्या, काका टेबलाभोवती नाचले, आग लागली समजून शिपाई बादली घेऊन धावत आला.

“आज लावतोच हिला!”

“खबरदार! बशी वेगळी, टाच वेगळी. आधी चाचण्या, मग परवानग्या. दोन वर्षं तरी धरा.”

काकूंची जखम सात आठवड्यांत भरली, दवाखान्यातल्या साध्या पट्टीनेच. शेवटच्या दिवशीही ती चिकटली होती.