फटाका वाजला की भाकरी

आमच्या घरी पाहुणे आले, की चहाच्या आधी डोंगराचे किस्से निघतात. दरवर्षी अख्खं घर लेकराबाळांसकट गावामागच्या डोंगरावर जातं, आणि दरवर्षी किस्से वाढतात. सांगणारे मात्र कायम पुरुषच. म्हटलं, औंदा मी सांगते.

*

आधी रीत सांगते. पायथ्याला मोठा लिंब आहे. बायका तिथं तीन दगडांची चूल मांडतात. पुरुष आणि लेकरं टोकावर जातात आणि तेरखेड्याहून आणलेला फटाका वाजवतात. तो वाजला, की आम्ही तवा ठेवायचा. म्हणजे साहेब लोक खाली येईपर्यंत गरम भाकरी तयार!

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी सासऱ्यांना, म्हणजे मामांना, विचारलं, "मग आम्ही वर कधी जायचं?"

"वर काय हाय? निस्ते दगड."

"दगडंच बघायला तुम्ही दरसाली जाता व्हय?"

आमचे हे वाकून बुटाची लेस बांधायला लागले. पायात चप्पल होती.

*

एका वर्षी फटाका फुसका निघाला. मंडळी घामाघूम, भुकेनं कावलेली खाली आली, तर चूल थंड आणि आम्ही लिंबाखाली मस्त गप्पा हाणत बसलेल्या. मामा तापले.

मी म्हटलं, "आवाजच आला न्हाय, मामा. आम्हाला वाटलं, चढताय अजून."

ते उतरताना आम्हाला दिसत होते, हे खरं. पण रीत म्हणजे रीत. पुढच्या वर्षीपासून दोन फटाके न्यायला लागले.

*

सासूला मी आत्या म्हणते. आत्यांचं माहेर डोंगराच्या पलीकडं. आईवडील गेले, भाऊ पुण्याला गेला, घराला कुलूप लागलं, तसं त्यांचं जाणंच सुटलं. जीव अडकलाय तो दारातल्या चिंचेत. दरवर्षी मामा खाली आले, की पाण्याचा तांब्या देताना त्या हळूच विचारायच्या, "आमची चिंच दिसली का वो?"

"दिसली की. लई डेरेदार झालीय."

तेवढ्यावर बाईचं वर्ष निघायचं. मला लई राग यायचा. चिंच हिच्या माहेरची, आणि बघायची दुसऱ्याच्या डोळ्यांनी?

*

औंदा मामांनी माझ्या लेकीला, ईश्वरीला, खालीच थांबवलं. सातवीत गेलीय ती. आता मोठी झालीस, आजीजवळ बस, भाकरी शिक, म्हणाले. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्यांनी हाताचं पीठ झटकलं.

"ईश्वरी, फटाके घे. काडेपेटी घे. चल."

मामा म्हणाले, "आन् गुडघ्यांचं काय?"

"गुडघे माझे हायत." आत्यांनी परात मामांपुढं सरकवली. "आवाज आला की तवा ठेवा."

*

बसत, उठत, माझा खांदा धरत आत्या टोकावर पोचल्या. ईश्वरीनं फटाका लावला. असा वाजला, की खालची कुत्री भुंकायला लागली. आम्ही तिघी खो खो हसलो.

मग आत्या पदर सारखा करून पलीकडं बघायला लागल्या.

पलीकडं दुसरा डोंगर होता, ह्याच्यापेक्षा उंच. त्याच्यामागचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. ना गाव, ना चिंच. इथून ती कधी कुणाला दिसलीच नसणार.

आत्या बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

खाली आलो. मामांच्या भाकरी एका बाजूनं करपलेल्या, दुसऱ्या बाजूनं कच्च्या. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला, पण मान काही वर केली नाही. आत्या सावकाश पाणी प्याल्या. तांब्या खाली ठेवला, पदर कमरेला खोचला.

"भाकरी बांधून घ्या," त्या म्हणाल्या. "मधी अजून एक डोंगर हाय."