येते म्हणाली म्हणून

परदेशातल्या एका वृद्धनिवासाच्या तळघरात कपडे धुण्याची खोली होती. खिडकी एकही नाही, आणि यंत्रांचा आवाज एवढा की तिथली माणसं वर आली तरी ओरडूनच बोलायची. ताईने लेकीचं अख्खं बालपण या खोलीत काढलं. ताई हे काही तिचं नाव नव्हे. आल्या आल्या गावाकडच्या एका मुलीने तिला तशी हाक मारली, आणि वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांनी तेच नाव समजून उचललं. नव्वदीचे आजोबासुद्धा "ताई, माझा निळा मोजा कुठाय?" म्हणून विचारायचे. "एवढे थोरले भाऊ मिळाले मला," ती म्हणायची, "आणि एकाला स्वतःचा मोजा सांभाळता येत नाही."

नवरा गेला तेव्हा लेक जेमतेम शाळेत जायला लागली होती. तिला जावेच्या पदरात टाकून ताई परदेशी कामाला आली. जाऊ सोन्यासारखी, कधी ब्र काढला नाही. पण जाऊ म्हणजे आई नव्हे, हे लेकीला कळत होतं आणि ताईला तर रोजच कळत होतं. तात्पुरत्या परवान्यावर आलेल्यांनी मुलं आणायची नाहीत, असा तिथला कायदा. कायमचा परवाना मिळाला तर आणता येतात. मात्र तो हातात पडेल त्या दिवशी मूल अठराच्या आतलं हवं. मूल आईवाचून वाढलं तरी चालेल, पण अठराच्या आत वाढलं पाहिजे. असले कायदे करणाऱ्यांना पोरं असतात की नाही, देव जाणे.

अर्ज करण्याइतकी वर्षं भरली तेव्हा लेक सतरा संपवत आली होती. ताईने त्याच आठवड्यात अर्ज टाकला आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. तिला तिथली भाषा कामापुरती चांगली येत होती, पण सरकारी खोलीत दुभाष्या घेतलाच पाहिजे असा नियम होता. दुभाष्या म्हणजे एक नीटनेटका तरुण, तिथेच जन्मलेला. आपली भाषा त्याने लहानपणी आजीकडून ऐकलेली, आणि तेवढ्या भांडवलावर त्याने दुकान थाटलेलं.

साहेबांनी इकडचं तिकडचं विचारलं. पगार, भाडं, आजारपण. मग म्हणाले, "मागच्या खेपेला मुलीला भेटून निघालात तेव्हा तिला काय सांगितलंत?"

"काय सांगणार?" ताई म्हणाली. "उंबऱ्यात उभी राहिले, तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि 'येते' म्हणाले."

दुभाष्याने साहेबांना सांगितलं, "मुलीला म्हणाली, मी परत येणार आहे."

साहेबांनी मान हलवली आणि टाइप केलं. ताईला ते ऐकू आलं होतं, पण त्यात काही वावगं आहे हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

नकार आला तो असा. अर्जदार बाईने मुलीला परत येण्याचा शब्द दिलेला आहे, सबब येथे कायम राहण्याचा तिचा हेतू दिसत नाही.

हेतू! दुसऱ्यांच्या आईबापांचे बिछाने धुण्यात हातांची कातडी गेली, भर थंडीत पहाटेच्या बसला उभी राहिली, ताप अंगावर काढला, त्यात कुणाला हेतू दिसला नाही. तो दिसला एका 'येते'मध्ये. आता तुम्हीच सांगा, आपल्यात उंबऱ्यातून 'जाते' म्हणून कोण निघतं? कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला निघालेली बाईसुद्धा 'येते' म्हणते. चुकून 'जाते' तोंडातून निघालं तर घरातली मोठी माणसं तिथेच थांबवतात, 'येते म्हण' म्हणून. जायचं ते एकदाच, आणि तेव्हा चार जण उचलून नेतात.

ताईने हे सगळं यंत्रांच्या आवाजावर आवाज चढवून तळघरातल्या सगळ्यांना सांगितलं. मग निवासाच्या व्यवस्थापकीणबाई तिला वकिलाकडे घेऊन गेल्या, आणि फेरतपासणीचा अर्ज गेला. त्यावर बोलावणं येईपर्यंत झाडांची पानं गळली आणि पुन्हा फुटली.

दरम्यान लेकीला अठरावं पुरं झालं. त्या दिवशी फोनवर ती म्हणाली, "आई, आता मी येणार की तू येणार? एकदाच काय ते सांग गं. मी कुणावर रागवू, तेही मला कळेना झालंय."

"थांब जरा," ताई म्हणाली. "चूक त्यांची आहे. चूक त्यांची असली तर वाया गेलेले दिवस आपल्या बाजूने धरायला नकोत का?"

फेरतपासणी लवकर आटोपली. वकिलाने 'येते'चा अर्थ कागदावर मांडला होता. साहेबांनी तो वाचला, दुभाष्याला समज दिली आणि आधीची ओळ काढून टाकली. भाषेतला किरकोळ गैरसमज, असं त्यांनी लिहिलं. किरकोळ.

बाहेर दुभाष्या तिच्याजवळ आला. "मावशी, राग मानू नका. आजी गेली तेव्हा मी लहान होतो."

"शेजारी जायला निघाली की काय म्हणायची रे तुझी आजी?"

त्याने आठवून पाहिलं. "नाही आठवत."

"मग आठवत नाही म्हणून सांगायचं होतं. माझ्या लेकीवर कशाला शेकवलंस?"

त्याने खिशातून वही काढली. 'येते' हा शब्द तीत लिहून घेतला.

कायमचा परवाना घ्यायला ताई गेली तेव्हा तिने इस्त्रीची साडी नेसली होती. साहेब उठून उभे राहिले, अभिनंदन म्हणाले, कार्ड तिच्यापुढे ठेवलं. तिने त्याला हात लावला नाही.

"माझ्या मुलीचं काय?"

साहेबांनी पडद्यावर पाहिलं. "ती अठराची होऊन गेली. आता तिला तुमच्यामागून येता येणार नाही. तिने तिचा वेगळा अर्ज करावा."

"पण तुम्ही चुकला नसतात तर कार्ड ती सतराची असतानाच मिळालं असतं."

दुभाष्याने हे बरोबर सांगितलं. साहेबांनी खांदे उडवले. "नियमात चुकीचे दिवस वजा करायची सोय नाही."

ताई बसून राहिली. एवढी वर्षं तिला राग यायचा तो यंत्रांत, चादरींत, फोनच्या बटणांवर निघून जायचा. आज तो कुठेच गेला नाही. तळघराच्या किल्ल्या तिने सकाळीच व्यवस्थापकीणबाईंकडे दिल्या होत्या. कशाला देतेस, असं बाईंनी विचारलं तेव्हा 'असू द्या तुमच्याकडे' म्हणून ती बाहेर पडली होती. आता तिचं तिलाच कळलं. लेकीकडे जायला.

ती उठली, पदर खोचला आणि दाराशी जाऊन वळली.

"जाते," ती म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या उंबऱ्यातून ती असं म्हणाली, आणि तिच्यामागे दार लागलं.

साहेबांनी विचारलं, "काय म्हणाली?"

दुभाष्या हसला. एकदा ठेच लागल्यावर तो शहाणा झाला होता. "काही नाही, सर. निरोप घेतला. त्यांच्यात निघताना असंच काहीतरी म्हणतात."

"कार्ड विसरली की," साहेब म्हणाले, आणि त्यांनी ते उचलून खणात जपून ठेवलं. "येईल न्यायला."