यशोदा कुसुम, एवढंच

यशोदामावशी गेल्याचं मला ट्रेनमध्ये कळलं, इथल्या मराठी मंडळाच्या वॉट्सॅप ग्रुपवर. हार घातलेला फोटो, हात जोडलेले इमोजी, आणि नावापुढे एक आडनाव. रडू यायच्या आधी मला संताप आला. काही आठवडे झाले, तो अजून उतरलेला नाही.

ते आडनाव मी इथे लिहिणार नाही. उच्चारलं की समोरचा जात ओळखायचा, म्हणून नर्स होऊन इथे ब्रिटनमध्ये, कार्डिफला आल्यावर मावशीने ते टाकलं आणि आपल्या आईचं नाव, कुसुम, लावलं. मंडळाच्या सेक्रेटरींनी मात्र मुद्दाम तिच्या गावी नागपूरला फोन करून ते शोधून काढलं. जाब विचारला तर म्हणाले, "अगं, आदर म्हणून! लोकांना कळायला नको, कुठल्या त्या?" काका, हा 'कुठल्या' आपण हँडबॅगेत घालून इथवर आणतो, आणि गोऱ्याने विचारला की रेसिझम म्हणून बोंबलतो!

मावशी माझ्या आईची हॉस्पिटलच्या वॉर्डातली मैत्रीण. रिटायर झाल्यावर तिने आणि जमैकाच्या व्हर्नाने लायब्ररीत दर गुरुवारी कॅरिबियन कादंबऱ्यांचं वाचन सुरू केलं. पुस्तक उघडण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव सांगायचं, आणि ते कोणी दिलं तेही, असा तिथला रिवाज. व्हर्नाचं आडनाव ऊसमळ्याच्या गोऱ्या मालकाचं. त्याने तिच्या पूर्वजांना विकत घेतलं होतं. त्या कादंबऱ्यांतली माणसंही अशीच, मालकाचं नाव पांघरून स्वतःला शोधणारी. पहिल्याच दिवशी मी मोर्चातल्यासारखी सुरू झाले, तर मावशी म्हणाली, "भाषण पुरे. पान वाच." परतताना बसमध्ये मात्र स्वतःच बोलली, "त्यांना नाव मालकानं दिलं, आपल्याला गावानं. त्यांनी त्यावर कादंबऱ्या लिहिल्या. आपण लग्नपत्रिकेवर सोनेरी छापतो..."

आता मंडळाला पार्कातल्या बाकावर तिच्या नावाची पाटी लावायचीय. त्याच आडनावासकट. सेक्रेटरींना सांगून ठेवलंय, लावा, मी स्क्रूड्रायव्हर घेऊन येते.

परवाच्या गुरुवारी लायब्ररीत गेले. रेडिएटरजवळची तिची खुर्ची कोणी हलवली नव्हती. नावं सांगत सांगत पाळी तिथवर आली. मला वाटलं, व्हर्ना पुढे जाईल. ती गेली नाही. रिकाम्या खुर्चीकडे बघत थांबून राहिली...

शेवटी मीच म्हणाले, "यशोदा कुसुम. तिचं तिनेच ठेवलेलं."

व्हर्नाने मान हलवली आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलं.