शेणाने सारवलेली फौजी जीप

तुमच्या वडिलांना मी फोनवर एवढेच सांगितले आहे की आजोबांची जीप "जरा नीट करून घेतली." हे वाक्य खोटे नाही, अपुरे आहे. उरलेले तुम्हा दोघा नातवंडांसाठी लिहिते.

तुमचे धाकटे आजोबा, म्हणजे माझे दीर, फौजेत ड्रायव्हर होते. एकाहत्तरच्या लढाईत ते जीप चालवत होते आणि तेव्हा त्यांना मिसरूडही नीट फुटले नव्हते. आता त्यांच्या डाव्या गुडघ्यात जोर उरलेला नाही. क्लच दाबता येत नाही, म्हणून त्यांनी लायसन्सही नव्याने काढले नाही. तेव्हापासून ते दुसऱ्याच्या गाडीत डावीकडे बसतात आणि समोर म्हैस आली की स्वतःचाच पाय फरशीवर दाबतात.

मलकापूरच्या बाजूला एक गाव आहे. तिथल्या जवळजवळ प्रत्येक घरातले कोणी ना कोणी फौजेत गेलेले. तिथले निवृत्त सैनिक दर हिवाळ्यात मैदानावर लढाईचा देखावा करतात. हे सगळे जमवणाऱ्या म्हाताऱ्या सुभेदारांनी भाऊजींना निरोप दिला, "जीप घेऊन या. तवाच्या जीपगत दिसली तर तुमीच चालवा. न्हायतर म्होरच्या रांगेत खुर्ची हाय आन् नारळ हाय."

भाऊजी त्याच दुपारी माझ्याकडे आले. चहा समोर तसाच.

"वहिनी, नारळ घेण्याएवढा मी म्हातारा झालोय का?"

"हो," मी म्हटले.

"मस्करी न्हाय. एकदा चालवायची हाय मला. एकदाच. मग खुर्चीत बसवा, न्हायतर खाटेवर."

ते खाली बघत होते. हा माणूस माझ्यासमोर कधी खाली बघत नाही, उलट माझ्या शुद्ध मराठीची नक्कल करतो. मी चावी काढून दिली.

तुमच्या आजोबांची जीप परसात ताडपत्रीखाली उभी होती. आजोबांना डोंगरात जीप घालायची हौस होती आणि तिला नटवायची त्याहून. शिवाजी पेठेतल्या मिस्त्रींनी ताडपत्री उचलली आणि म्हणाले, "आज्जी, ही लढाईला न्हाय, वरातीला चाललीया."

मग आम्ही तिचे दागिने उतरवले. टपावरचे चार दिवे, चकाकणारा बंपर, लाल सीटकव्हर, तीन सुरांचा हॉर्न. काढलेला प्रत्येक नटबोल्ट मी लोणच्याच्या वेगवेगळ्या बरण्यांत टाकला आणि प्रत्येक बरणीवर चिठ्ठी लावली. मिस्त्री आधी हसले. चौथ्या दिवशी तेच विचारू लागले, "आज्जी, डाव्या दाराची बरणी कुठाय?" दारे गेली, फायबरचा टप गेला, कापडी हूड आले. पुढची काच बॉनेटवर आडवी पडेल अशी बिजागरी बसली. बाजूला फावडे आणि कुदळ पट्ट्याने बांधली, मागे पत्र्याचा चौकोनी कॅन. दिव्यांच्या वरच्या अर्ध्या भागावर काळे कापड लावले. लढाईत उजेड फक्त जमिनीवर पडायला हवा, असे भाऊजींनी सांगितले.

राहिला रंग. मिस्त्रींनी फौजी हिरव्या रंगाचा डबा आणला आणि मी चष्मा लावून नियम वाचायला बसले. इंग्रजी शाळेत शिकल्याचा हा एक तोटा, छापलेले सगळे वाचल्याशिवाय राहवत नाही. नियम स्पष्ट होता. तो रंग फक्त सैन्याच्या गाड्यांना. आपल्या गाडीला तो लावायचा नाही.

"कोण बघतंय?" मिस्त्री म्हणाले.

"मी," मी म्हटले.

भाऊजी पायरीवर बसून गुडघा चोळत होते. मग म्हणाले, "तिकडं आमाला तरी रंग कुठं दिसत हुता? चिखल फासायचो. चकाकलं की विमानातनं दिसतंय."

चिखलाबद्दल नियमात एक अक्षर नव्हते. मी पुन्हा वाचून खात्री केली.

नुसता चिखल वाळला की गळतो, म्हणून मी पत्र्याच्या तुकड्यावर तीन नमुने केले आणि त्यांना अ, ब, क अशी नावे दिली. अ म्हणजे काळी माती. ब म्हणजे माती आणि मैद्याची खळ. क म्हणजे माती, खळ आणि ताजे शेण. क वाळला आणि आम्ही तिघे त्याच्याकडे बघतच राहिलो. नेमका तोच रंग! सरकारने मनाई केलेला रंग शेजारची म्हैस रोज फुकट तयार करत होती. लहानपणी आईने मला अंगण सारवायला शिकवले होते, ते हात विसरले नव्हते. मी पदर खोचला आणि बॉनेटपासून सुरुवात केली.

आता क्लच. डावा पाय साथ देणार नाही, हे भाऊजी सोडून सगळ्यांना ठाऊक होते. त्यांनी परसात तीनदा प्रयत्न केला, तीनदा जीप आचका देऊन बंद पडली. चौथ्यांदा त्यांनी हात स्टीअरिंगवरच ठेवले आणि किल्लीला हात लावला नाही. तेव्हा मिस्त्री म्हणाले, "ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला डावीकडं दुसरा क्लच असतोय की. बसवू?"

"आणि तो दाबणार कोण?" मी विचारले.

दोघेही माझ्याकडे बघत होते.

"सुभेदार बाईमाणसाला मैदानात सोडायचा न्हाय," भाऊजी म्हणाले.

"बाईमाणूस दिसले तर ना," मी म्हटले. नाटकात गणवेश घालायला हरकत नाही, हेही मी वाचून ठेवले होते.

देखाव्याच्या दिवशी जीप मलकापूरच्या रस्त्याने मीच नेली, माझ्याकडे चालू लायसन्स आहे. भाऊजी डावीकडे होते आणि त्यांच्या पायापाशी तो जादा क्लच होता. माझा गिअर त्यांना पसंत पडला नाही की ते उजव्या पायाने क्लच दाबायचे आणि गाडी रस्त्यात उसासा टाकायची. शेवटी मी त्यांना मांडी घालून बसवले. प्रत्येक खड्ड्याला सारवणाचा एक पोपडा गळत होता. मागून येणारा दुचाकीवाला ओरडला, "पावणं, गाडी सांडाय लागलीया!"

गावाबाहेर एका उसाच्या फडाआड मी साडी सोडून गणवेश चढवला, जवान झाले आणि भाऊजींशी जागा बदलली. अंबाड्यामुळे हेल्मेट डोक्यावर तरंगत होते. चष्मा दोरीने बांधला.

सुभेदारांनी जीपभोवती एक फेरी मारली. नाक आक्रसले.

"वास येतोय."

"लढाईला अत्तर लावून जायचं का?" भाऊजी म्हणाले. "चिखल असाच असतोय."

"आन् ह्यो जवान कोण?"

"माझा जोडीदार. बोलत न्हाय. मौन हाय त्याचं."

सुभेदार माझ्या मनगटावरच्या बांगडीच्या वळाकडे बघत होते. मी समोर बघत राहिले. आयुष्यभर लोकांची वाक्ये दुरुस्त केली, पण गप्प बसण्याची इतकी मजा मला कधी आली नव्हती.

"बंद पडली तर वडून बाजूला काढीन," एवढेच म्हणून ते माईककडे गेले.

आता शत्रूबद्दल सांगायला हवे. शत्रू व्हायला गावात कोणी तयार नव्हते, म्हणून तालमीतल्या पैलवानांना पकडले होते. पैलवान मरायला राजी होते, पण एका अटीवर. पाठ जमिनीला लागणार नाही. पाठ लागली की कुस्ती हरली, मग ते नाटक असो की आणखी काही. त्यामुळे आमच्या बाजूने फटाके फुटले तसे सगळे शत्रू गोळी छातीवर झेलून, गर्रकन वळून, पोटावर पडले. दहा-बारा धिप्पाड मृतदेह हनुवटी हातावर टेकवून पुढचा खेळ बघत होते.

"दाबा!" भाऊजी म्हणाले. मी दाबला. "सोडा!" मी सोडला. जीप निघाली. पहिल्यातून दुसऱ्यात गेली. भाऊजींची मान ताठ झाली, हात मात्र सैल, तुमच्या आजोबांसारखे. समोरच्या टेकाडावर पोचायचे आणि झेंडा लावायचा, एवढेच काम होते.

अर्ध्यात सुतळी बॉम्बची माळ लागली. भाऊजी ओरडले ते मला ऐकू आले नाही. मी दाबून धरायच्या ऐवजी मधेच सोडला. जीपने हिसका दिला आणि ती मृतदेहांच्या बरोबर मधे बंद पडली.

किल्ली फिरवली. टिक. पुन्हा फिरवली. टिक.

माईकवरून सुभेदार म्हणाले, "ट्रॅक्टर आणा रं."

भाऊजींचा चेहरा मी पाहिला. ते पुन्हा खाली बघत होते. मी मौन मोडले. उभी राहिले आणि शाळेतल्या बाईंच्या आवाजात सगळ्यात जवळच्या मृतदेहाला म्हटले, "झोपलात काय असे? उठा, ढकला!"

मृतदेहाने मान वर केली. "आरं, ही तर आज्जी हाय!"

"आज्जी असो की कोणी. ढकला म्हणते ना!"

आणि शत्रू उठला. सगळाच्या सगळा. मागे सारवणातल्या शेणाचा वास आला की कोणी शिवी घालायचा आणि तरीही खांदा लावायचा. "सेकंड टाकलाय," भाऊजी म्हणाले, "दाबून धरा... धरा... सोडा!" या वेळी मी त्यांच्या तोंडाकडेच बघत होते. जीप खोकली, धूर सोडला आणि चालू झाली. तरीही शत्रूने आम्हाला टेकाडाच्या पायथ्यापर्यंत विजयाकडे ढकलत नेले, टाळ्या घेतल्या, आणि शिस्तीत परत जाऊन आपापल्या जागी पोटावर पडला.

टेकाडावर जीप भाऊजींनी एकट्याने चढवली. म्हणजे क्लच माझा, पण चढ त्यांचा. झेंडा लागला. लोक उभे राहून ओरडत होते आणि भाऊजींनी गाडी बंद केली नाही. स्टीअरिंगवर अंगठा फिरवत ते खाली मोकळ्या मैदानाकडे बघत होते.

"जीपवाल्यांनी आता मैदान सोडावं," सुभेदार माईकवर म्हणाले. मग दुसऱ्यांदा, जरा मोठ्याने. "जीपवालं पावणं, पुढचा कार्यक्रम हाय."

भाऊजी माझ्याकडे वळले. "ऐकू आलं का वहिनी तुमास्नी?"

मी नियम मोडत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

"नाही बुवा," मी म्हटले.

"मग सोडा की क्लच."