सावंतांचा सेकंडहँड संसार

कतारच्या दोह्यात माणूस दोन बॅगा घेऊन येतो आणि जाताना अख्खं घर विकायला काढतो. कुणाचं ना कुणाचं कॉन्ट्रॅक्ट संपतच असतं. त्यामुळे दर शुक्रवारी कुठे ना कुठे सेल असतो, आणि प्रत्येक सेलमधून वस्तूबरोबर एखादा किस्साही घरी येतो. अल नस्रमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये गादी सोडली तर एकही वस्तू नवी नाही, हे मी पाहुण्यांना आपणहून सांगते. शोरूममध्ये जाऊन पूर्ण किंमत मोजणाऱ्यांची मला मनापासून कीव येते.

आमच्या टोळीत तिघं. घासाघीस माझ्याकडे, पारख शेजारच्या वैदेहीकडे आणि वाहतूक देवगडच्या सावंतांकडे. सावंत इंडस्ट्रियल एरियातल्या एका दुकानाची पिकअप चालवतात. शुक्रवारी मालक ती त्यांना वापरू देतो. बरीच वर्षं इथे एकटेच, चौघांच्या खोलीत. कुणाचंही कपाट उचलताना त्यावरून एकदा हात फिरवायचे आणि म्हणायचे, "प्रमिला येतली तेव्हा असाच एक घेऊचा आसा." प्रमिला म्हणजे त्यांची बायको. तिला एकदा तरी इथे आणायचं, आणि तेही स्वतःच्या खोलीत, हा त्यांचा ध्यास.

*

माझा नियम साधा आहे. जी वस्तू हवी तिला नावं ठेवायची. एका सोफ्याचा रंग, पाय, स्प्रिंगा, सगळं मी इंग्रजीतून धुऊन काढलं. मालक शांतपणे ऐकत होता. मग मी नवऱ्याला हळूच मराठीत म्हटलं, "मंदार, चेहरा पाड जरा. सोफा झकास आहे, पण याला कळायला नको."

"वहिनी," मालक म्हणाला, "झकास आहे म्हणूनच कमी करत नाहीये. चहा टाकू?"

नाशिकचा निघाला. सोफा त्याच्याच भावात घ्यावा लागला. चहा मात्र चांगला होता.

*

वैदेही मिक्सर नुसता चालवून बघत नाही. पर्समध्ये खोबरं, मिरच्या आणि मीठ घेऊन जाते. एका इंग्रज बाईंच्या किचनमध्ये तिने चटणी वाटली, चाखली आणि रीतीप्रमाणे बाईंच्या हातावरही थोडी ठेवली. बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी पुन्हा हात पुढे केला.

"सॉरी," त्या म्हणाल्या, "हा मिक्सर आता विकायचा नाही."

पिकअपमध्ये सावंतांनी विचारलं, "मिक्सर खंय?" वैदेहीने चटणीची पुडी दाखवली.

*

मग मी स्वतःच्या घरी सेल लावला. लोणच्याच्या जुन्या बरण्याही काढल्या होत्या. पण रिकामं भांडं कुणाच्या हातात द्यायचं नाही ही माझ्या आईची शिकवण, म्हणून प्रत्येक बरणीत थोडं लिंबाचं लोणचं घातलं. पुढच्या शुक्रवारी खालच्या मजल्यावरचे इजिप्शियन काका बरणी घेऊन दारात उभे. "सिस्टर, खलास!"

बरणी विकत घेतली म्हणजे लोणचं कायमचं चालू, अशी त्यांची समजूत झाली होती. मी ती मोडली नाही. ते अजून येतात.

*

शेवटी सावंतांना तीन महिन्यांसाठी एक खोली मिळाली आणि प्रमिलावहिनींचा व्हिजिट व्हिसाही आला. सावंतांना एकच घोर. "तिका वाटाक नको, घोव हयसर धर्मशाळेत रवता." त्याच आठवड्यात मेसईदला सेल होता. खताच्या कारखान्यातलं एक मराठी कुटुंब कायमचं गावी निघालं होतं. स्टीलची सगळी भांडी, तवा-परातीसकट, एकगठ्ठा मिळत होती. मी म्हटलं, "सावंत, डोळे झाकून घ्या." त्यांनी खरंच तसं केलं.

वहिनी आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आणि वैदेही चहाला गेलो. खोली लख्ख होती. पडदे लावलेले, ओट्यावर भांडी मांडलेली. वहिनी कौतुकाने एकेक भांडं उचलून बघत होत्या. पातेल्याच्या काठाशी थांबल्या. मग परात पाहिली, मग डबा, मग तांब्या.

"अहो, ही सौ. सुनंदा कोण?"

सावंतांच्या बशीतला चहा सांडला. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण माझं लक्ष भावाकडे होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला घाईघाईने खुलासे देत होते. सेल, मेसईद, सुनंदाताई, त्यांचे यजमान, सगळं सांगून टाकलं. वैदेही मान डोलावत होती. सावंत सांडलेला चहा पुसत होते. ज्या खोलीसाठी माणूस इतकी वर्षं झुरला, तिची मी एका दिवसात माती केली, असं वाटून मला रडू यायचं बाकी होतं.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग मला विचारलं, "त्या बाईचो संसार हयसर बरो झालो?"

"छान झाला," मी म्हटलं. "दोन्ही मुलं इथलीच."

त्यांनी पातेलं पदराने पुसलं आणि सावंतांच्या हातात दिलं.

"मगे तिचा नाव रवांदे. तेच्या खाली माझा घाला. आणि बारीक घाला. ही भांडी फुडे ज्या बाईकडे जातली, तिच्या नावाक जागा होयी."